विश्लेषण : रामसेंचे भुताटकीपट मोबाइलवर आहेत, मग जपायचे कशाला?

‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाजा’... ही नावे घेतली की एका पिढीला भाड्याने आणलेला व्हिडीओ आणि डोळ्यांवर धरलेली चादर आठवते. आज हे चित्रपट मोबाइलवर फुकट पाहता येतात. त्यामुळे ते सुखरूप आहेत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात स्वस्तातले भयपट आणि मारधाडपट हा चित्रपटांचा सर्वांत असुरक्षित वर्ग आहे. त्यांची काळजी कोणी घ्यायची आणि का घ्यायची, याविषयी...

मोबाइलवर दिसतो तो नेमका कोणता चित्रपट?

सत्तर-ऐंशीच्या दशकातला एखादा कमी खर्चाचा भयपट यूट्यूबवर लावा आणि कथा सोडून फक्त चित्र बघा. कोपऱ्यात कुठल्या तरी कंपनीचा शिक्का असतो. जुन्या टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी चित्राच्या दोन्ही बाजू छाटलेल्या असतात, त्यामुळे दोन पात्रे बोलत असतील तर एकाचे नाकच दिसते. रात्रीच्या प्रसंगात काळोखाऐवजी करडा चिखल दिसतो. मधूनच गाणे तुटते किंवा प्रसंग उडी मारतो.

कारण अशा अनेक प्रती व्हिडीओ कॅसेटवरून किंवा टीव्हीसाठी केलेल्या टेपवरून आलेल्या आहेत. म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट, प्रिंटवरून टेप आणि टेपवरून मोबाइल. दर पायरीला काही तरी गळते. निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म. चित्रपटाचा सगळा तपशील तिच्यात असतो. ती शाबूत असेल तर पन्नास वर्षांनीही उत्तम प्रत काढता येते. ती गेली, तर टेपवर जेवढे उरले तेवढेच आपल्या हाती. हल्ली ‘एआय’ने चकचकीत केलेल्या प्रती फिरतात, पण यंत्र त्यात हरवलेला तपशील परत आणत नाही, अंदाजाने नवा भरते.

थोडक्यात, फिरत्या प्रतींमुळे चित्रपटाचे नाव टिकते. चित्रपट टिकतो तो निगेटिव्हमुळे. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

रामसे बंधूंचा कारखाना कसा चालत असे?

फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारायला जड जाई, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले आणि चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांच्या सुरुवातीच्या ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटांचे दिग्दर्शक होते ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर. मराठी वाचकाला हा धागा सहसा ठाऊक नसतो.

‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर सैतानाचा मुखवटा घालून संग्रहालय लुटतात, तो प्रसंग पाहताना प्रेक्षक दचकतो, हे तुलसी आणि श्याम या भावांनी थिएटरात बसून हेरले. मग अख्खा चित्रपटच भीतीचा का करू नये, असा विचार झाला. त्यातून १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. चित्रीकरण महाबळेश्वरला, सुमारे ४० दिवसांत. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, असे सांगितले जाते. सेट नाही, मोठे तारे नाहीत. विश्रामगृह हाच सेट आणि घरची माणसे हेच युनिट.

सात भावांनी कामे वाटून घेतली होती. कुमार पटकथा पाहत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू आणि केशू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन. घरातल्या बायका युनिटचे जेवण आणि कपडेपट सांभाळत. ‘पुरानी हवेली’साठी (१९८९) मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा हवेली झाला. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी साकारला तो रुरकीत इंजिनीअरिंग शिकलेल्या अनिरुद्ध अग्रवाल यांनी, त्यांची उंची आणि चेहरेपट्टी हाच अर्धा मेकअप होता. त्याच चित्रपटात ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकरही आहेत.

या चित्रपटांची खरी ओळख त्यांच्या प्रकाशात होती. धुरात सोडलेला निळा उजेड, खिडकीतून येणारा हिरवा, चेहऱ्यावर खालून मारलेला लाल. पैसा नसल्यामुळे भीती दिव्यांनी उभी करावी लागे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण फिल्म खराब होऊ लागली की आधी रंगच जातात.

हाँगकाँगच्या कुंग-फूपटांचे नशीब वेगळे का ठरले?

रामसे मुंबईत जे करत होते, तेच शॉ बंधू हाँगकाँगमध्ये फार मोठ्या प्रमाणावर करत होते. क्लिअरवॉटर बे येथे त्यांचा प्रचंड स्टुडिओ होता. कलाकार पगारावर, सेट कायमचे, एकाच अंगणात आज एक चित्रपट तर उद्या दुसरा. ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ (१९६७), ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) हे तिथलेच. १९७४ मध्ये तर ब्रिटनच्या हॅमर या भयपट कंपनीने शॉ बंधूंसोबत ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स’ काढला. त्यात पीटर कुशिंग कुंग-फू लढवय्यांना घेऊन ड्रॅक्युलाच्या मागे लागतो. भयपट आणि मारधाडपट हे एकाच बाजाराचे दोन गाळे होते, याचा याहून चांगला पुरावा नसेल.

त्या काळी युरोप-अमेरिकेत हे चित्रपट खराब इंग्रजी डबिंगसह, छाटून दाखवले जात. समीक्षक हसत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शॉ बंधूंनी चित्रपटनिर्मिती जवळपास थांबवून लक्ष टीव्हीकडे वळवले. पण त्यांनी एक गोष्ट केली : फिल्म विकून-वाटून टाकली नाही. सगळा साठा एका मालकाकडे, एका जागी राहिला. २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने सुमारे ७६० चित्रपटांचा हा संग्रह विकत घेतला आणि २००२ पासून ते साफसूफ करून पुन्हा बाजारात आणले. ज्यांना एके काळी ‘चॉप-सॉकी’ म्हणून हिणवले गेले, तेच चित्रपट आज अभ्यासक्रमात आणि महोत्सवांत आहेत.

उलट, त्याच काळात हाँगकाँग-तैवानच्या छोट्या निर्मात्यांनी काढलेले कित्येक कुंग-फूपट आज केवळ इंग्रजी डब केलेल्या, घासलेल्या प्रिंटवर किंवा कॅसेटवर उरले आहेत. दर्जात फार फरक नव्हता. शॉ बंधूंकडे गोदाम आणि एकच मालकी होती, या छोट्या निर्मात्यांकडे दोन्ही नव्हते.

अमेरिकेत एका चुकीमुळे काय घडले?

१९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांनी पिट्सबर्ग परिसरात सव्वा लाख डॉलरच्याही आत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. प्रदर्शनाआधी चित्रपटाचे नाव बदलले आणि नव्या नामावलीत कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ही ओळ आवश्यक होती. ती नसल्याने चित्रपट सर्वांचा झाला. ज्याच्या हाती प्रिंट लागली, त्याने तो दाखवला आणि विकला.

निर्मात्यांचे मोठे नुकसान झाले. पण फुकट असल्यामुळे चित्रपट सगळीकडे पोहोचला आणि आज आपण ज्याला झोम्बीपट म्हणतो त्याची रीत त्याने घालून दिली. मात्र त्या असंख्य प्रती बहुतेक वाईटच होत्या. २०१६ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने त्याची नवी प्रत तयार केली, तेव्हा मदतीला आली ती मूळ निगेटिव्हच. ती निर्मात्यांनी जपली होती. अमेरिकेच्या ‘नॅशनल फिल्म रजिस्ट्री’त हा चित्रपट १९९९ मध्ये आणि ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ २००४ मध्ये दाखल झाला. राष्ट्रीय ठेव्याच्या यादीत भूत आणि कराटे, दोघांनाही जागा आहे.

फिल्म नष्ट कशी होते?

फिल्म आपोआप मरते, कोणी जाळावी लागत नाही. ऐंशीच्या दशकातली फिल्म ॲसिटेटची असे. उष्णता आणि दमटपणा लागला की तिच्यातून आम्ल सुटू लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. हे आम्लच पुढचा ऱ्हास आणखी वेगाने घडवते. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी तुटते. रंगही टिकत नाहीत. जुन्या रंगीत प्रिंटमधले निळे-हिरवे आधी फिके पडतात आणि सगळे चित्र गुलाबीसर होते. रामसेंचा निळा धूर आणि हिरवा उजेड गेला, तर मागे काय उरते, याची कल्पना करून पाहा.

दुसरे कारण बाजाराचे आहे. प्रिंट आधी शहरात लागे, मग तालुक्याला, मग जत्रेतल्या तंबूत. दर ठिकाणी ती तुटे, चिकटवली जाई, काही फ्रेम कापल्या जात. धंदा संपला की तिची किंमत भंगाराची. कृष्णधवल फिल्ममधली चांदी काढण्यासाठी तर रिळे वितळवली गेली.

तिसरे कारण अलीकडचे. गेल्या दशकात थिएटरे डिजिटल झाली आणि मुंबई-चेन्नईतल्या फिल्म लॅब बंद पडत गेल्या. निर्मात्यांची निगेटिव्हे अनेकदा लॅबमध्येच पडून असत. मोठ्या बॅनरने आपली रिळे उचलून नेली. ज्या छोट्या निर्मात्याचे ऑफिसच उरले नाही, त्याच्या डब्यांसाठी कोण धावणार?

भारतात ही जबाबदारी कोणाची?

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी ते जिद्दीने उभे केले. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. सुमारे ५९७ कोटी रुपयांचे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानही आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘थंप’, ‘इशानौ’, ‘मंथन’ यांच्या नव्या प्रती २०२२ ते २०२४ या काळात कानपर्यंत नेल्या. हे काम मोलाचेच आहे. पण साधने मोजकी असली की रांगेत पुढे उभे राहतात ते पुरस्कारप्राप्त आणि नामवंत. बी-ग्रेड चित्रपटाचा नंबर लागेपर्यंत त्याची फिल्म थांबत नाही.

कायद्यातही फट आहे. देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ पासून आहे. चित्रपटांसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. फ्रान्समध्ये मात्र चित्रपटाची प्रत जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे.

मग हक्कांचा गुंता. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे असतो. म्हणजे ‘दो गज जमीन के नीचे’ २०३२ च्या अखेरपर्यंत आणि ‘वीराना’ (१९८८) २०४८ च्या अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीचा आहे. अनेक छोट्या चित्रपटांचे निगेटिव्ह हक्क, व्हिडीओ हक्क, टीव्ही हक्क वेगवेगळ्यांना विकले गेले. विकत घेणाऱ्यांची दुकाने बंद झाली, वारस पांगले. हक्कदार सापडत नसेल तर परवाना मागण्याची सोय कायद्यात आहे. पण ज्यातून चार पैसे सुटण्याची खात्री नाही अशा चित्रपटासाठी ती खटपट कोण करील? अमेरिकेत एका चुकीने चित्रपट मोकळा झाला. आपल्याकडे कायदा पाळला गेल्यामुळे चित्रपट अडकून पडतो आणि तो मोकळा होईपर्यंत फिल्मच उरत नाही.

परिणाम काय, तर मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीने रामसेंचे चित्रपट आधी डीव्हीडीवर आणि २०२३ मध्ये सहा चित्रपटांच्या ब्लू-रे संचात आणले. महाबळेश्वरला आणि मुरूडला फुललेला हा प्रकार नीट पाहायचा, तर डबा परदेशातून मागवायचा.

पण असले चित्रपट जपायचे कशाला?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. या चित्रपटांत बायकांकडे पाहण्याची नजर अनेकदा ओंगळ आहे. अंधश्रद्धेला खतपाणी आहे. विनोद सुमार, संगीत उसने. आणि चांगले चित्रपटही नष्ट होत असताना वाईटावर पैसे का घालावेत?

पहिले उत्तर इतिहासाचे. १९३५ मध्ये वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ काढला. चाबूक घेऊन घोड्यावरून उडी मारणारी नादिया तेव्हाच्या सुसंस्कृत प्रेक्षकाला पिटातल्या लोकांची करमणूक वाटे. आज स्वातंत्र्यपूर्व भारतातली स्त्रीप्रतिमा समजून घ्यायची तर नादियाला वगळता येत नाही. देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तर आता पाहायलाच मिळत नाही. काय पुढे महत्त्वाचे ठरेल, हे त्या त्या पिढीला ओळखता आलेले नाही. आपल्याला ओळखता येईल, असे मानायला आधार नाही.

दुसरे उत्तर असे की, मोठे चित्रपट समाजाला कसे दिसायला आवडते ते सांगतात. स्वस्तातले चित्रपट समाज कशाला घाबरतो ते सांगतात. जमीनदाराचा शाप, दाबून टाकलेला गुन्हा, शहरातून वाड्यावर आलेली तरुण पोरे, मुलीच्या देहावर घराण्याचा हक्क. रामसेंच्या कथा याच भोवती फिरतात. ऐंशीच्या दशकातल्या निमशहरी भीतीचा इतका उघडावाघडा दस्तऐवज दुसरीकडे मिळणे कठीण. त्यातली बायकांविषयीची ओंगळ नजरही त्या दस्तऐवजाचाच भाग आहे. ती तपासायची असेल, तर चित्रपट समोर हवा.

तिसरे उत्तर कारागिरीचे. सात भावांनी, घरच्या जेवणावर, भाड्याच्या बंगल्यात केलेले काम आजच्या तरुण चित्रकर्त्याला मोठ्या बजेटच्या चित्रपटापेक्षा अधिक उपयोगी आहे. मोबाइलवर लघुपट करणाऱ्या मुलाची अडचण आणि तुलसी-श्याम यांची अडचण एकच : पैसे नाहीत, अंधार आहे, भीती दाखवायची आहे.

आणि जपणे म्हणजे गौरव करणे नव्हे. ग्रंथालयात रहस्यकथांचे पॉकेटबुक ठेवले म्हणून ज्ञानेश्वरीचा अपमान होत नाही.

आता काय करता येईल?

एक, पुस्तकांसारखाच चित्रपटांसाठी जमा-कायदा हवा. नव्या चित्रपटाची उत्तम दर्जाची एक प्रत पुण्याला गेलीच पाहिजे, मग तो ओटीटीवरचा पाच लाखांचा भयपट का असेना. आज हार्ड डिस्कवर पडलेला चित्रपट उद्याच्या व्हिनेगर फिल्मइतकाच धोक्यात आहे.

दोन, वारसा अभियानातल्या निवडीत लोकप्रिय आणि कमी खर्चाच्या चित्रपटांसाठी ठरावीक वाटा राखावा. सगळ्यांची महागडी दुरुस्ती नको. आधी निगेटिव्ह शोधून थंड, कोरड्या जागी ठेवणे आणि एकदा स्कॅन करणे पुरे. दुरुस्ती पुढची पिढी करील. पण फिल्म टिकवायची ती आजच.

तीन, रिळे जमा करणे आणि हक्क सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे संग्रहालयाने जुन्या वितरकांना, थिएटरमालकांना आणि वारसांना त्यांच्या भाषेत, जाहीरपणे सांगावे. ‘डबे दिले तर हक्क जातील’ या भीतीने ते घरात कुजत ठेवणे कुणाच्याच फायद्याचे नाही.

घाई करायलाच हवी, कारण माणसेही जात आहेत. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये. कुठला उजेड कसा लावला होता आणि मूळ रंग कोणता होता, हे सांगू शकणारे हात कमी होत चालले आहेत.

राहिला वाचकाचा वाटा. तुमच्या गावातले जुने थिएटर पाडले जात असेल, एखाद्या वितरकाच्या नातवाला माळ्यावर पत्र्याचे गोल डबे सापडले असतील, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. उन्हात उघडू नका. व्हिनेगरचा वास येणारा डबा इतरांपासून बाजूला ठेवा, डब्यावरचे नाव आणि रीळ क्रमांक लिहून घ्या आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकाही टाकू नका. त्या डब्यात एखादा सुमार भयपट निघेल, अशीच शक्यता जास्त आहे. पण त्याची जगातली ती शेवटची प्रत असू शकते, आणि भंगारवाला तिचे वजनच करील.